बारा मालवणं लांब

नातवाच्या मोबाइलवर दोन गावांची नावं टाकली की मधलं अंतर येतं, आणि विमानाला किती वेळ लागतो तेही येतं. परवा त्याला म्हटलं, मुंबई आणि नैरोबी टाक बघू. त्यानं टाकलं. साडेचार हजार किलोमीटर, सहा तास. मी म्हटलं, एवढंच? तो म्हणाला, "आजोबा, जायचंय का तुम्हाला?" आमच्या घराला ते अंतर कापायला किती वेळ लागला ते त्या यंत्राला माहीत असायचं कारण नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. हे लिहून झालं की सून तपासून देते म्हणालीय. तिला सांगून ठेवलंय, चुका सुधार, बोलणं सुधारू नकोस.

लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली, जिन्याला लागून. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस आमच्या दारावरून जायचा आणि आत बघून जायचा. आई, आबा, दादा आणि मी, चार माणसं. आबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. दादा फिटर. तो माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, हाताला कायम ग्रीसचा वास. मी सतरा वर्षांचा, सूत कातायच्या खात्यात बदली म्हणून लागलो होतो. सकाळी गेटावर उभं राहायचं, कुणी आलं नाही तर आत घ्यायचे. घरी येताना केसांत, भुवयांत, कानात कापूस. आई म्हणायची, "म्हाताऱ्यासारखो दिसतस रे." आता खरोखरचा म्हातारा झालो तर ते म्हणायला कोण नाही.

खोली एवढीशी, पण आई ती दिवसातून तीनदा झाडायची. पहाटे भोंगा व्हायच्या आत एकदा, आम्ही कामावर गेलो की एकदा, दिवेलागणीच्या आधी एकदा. चुलीवर पेजेचं भांडं रटरटतंय, शेजारी तव्यावर सुका बांगडा, आणि फरशीवर केरसुणीची सर्र सर्र, या आवाजानं मी जागा व्हायचो. फक्त एका वेळी ही केरसुणी गप्प असायची. घरातलं कुणी गावाला निघालं की तो माणूस पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही. आबा मालवणला जायचे ते बोटीनं. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली की दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मालवणला. तेवढा वेळ केरसुणी कोपऱ्यात उलटी. बोट आता बंदराला लागली असेल असं आईच्या मनानं घेतलं की ती उठायची आणि झाडायला लागायची. तिच्याकडे घड्याळ नव्हतं, पण तिचा अंदाज चुकला असं कधी ऐकलं नाही. का नाही काढायचा केर, असं विचारलं तर म्हणायची, "काडूचो नाय म्हणजे नाय. तुका व्हयत कित्याक?"

दादाचं आफ्रिकेचं ठरलं ते अचानक. नैरोबीला एका गुजराती शेठनं कापडाची गिरणी घातली होती. यंत्रं बोटीनं जाऊन पडलेली, बसवायला माणूस नाही. इतर लोक त्या देशात बोटीनं जात, आठ-दहा दिवस पाण्यावर काढत. शेठला तेवढा दम नव्हता. त्यानं दादाला विमानानं बोलावलं. आमच्या चाळीतून विमानात बसणारा दादा पहिला. चाळ दोन दिवस आमच्या दारात. मला मात्र आतून बरं वाटत नव्हतं. आम्ही दोघं एकाच गोधडीवर गॅलरीत झोपायचो. तो झोपेत लाथा मारायचा. लाथा न खाता झोप कशी लागते ते मला माहीत नव्हतं.

शेजारचे तावडेमामा ट्रामवर कंडक्टर. रोज पेपर वाचणारा माणूस तो. त्यांनी गॅलरीत बसून आईला विमान समजावून सांगितलं.

"वहिनी, काळजीचं कामच नाही. सकाळी इथनं उडालं की रात्र व्हायच्या आत तिथं. मध्ये एकदा एडनला तेल भरायला उतरेल, तेवढंच. आणि तिथलं घड्याळ आपल्या मागं असतं. आपल्याकडं आठ वाजले की तिथं साडेपाच."

आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "म्हणजे तो पोचतलो तेव्हा थय अजून तो पोचाचो टायम झालोच नसतलो?"

"तसं नाही वहिनी."

"मगे कसा?"

मामांनी पेपर उघडला आणि त्यात तोंड घातलं. त्यांची सुशी, माझ्यापेक्षा वर्षभरानं लहान, दाराला टेकून हसत होती. ती सातवीपर्यंत शिकलेली. आत जाऊन तिनं भूगोलाचं जुनं पुस्तक आणलं आणि नकाशा फरशीवर पसरला. माझ्या खिशात गिरणीतला सुताचा तुकडा होता. सुशी म्हणाली, "दे इकडं तो." मुंबईपासून मालवणपर्यंत सूत ताणलं, ते नखाएवढं भरलं. मग तेवढी तेवढी घडी घालत ती समुद्रावरून आफ्रिकेत गेली. आबा वाकून मोजत होते. "बारा," ते म्हणाले. "बारा मालवणा. वर थोडा."

आबांनी हे आईला धीर द्यायला सांगितलं होतं. बाराच तर आहेत, या चालीवर. पण आईनं ते ऐकलं, तांदळातला एक खडा बाहेर टाकला, आणि तिच्या डोक्यात हिशेब पक्का बसला. एका मालवणाला एक दिवस एक रात्र. बारा मालवणांना बारा. विमान असो की बोट, वाट ती वाट. मामा म्हणाले, अहो, विमान उडतं. आई म्हणाली, "कावळो पण उडता."

निघायच्या सकाळी आबांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आमच्यात कुठलंही काम काढलं की गावच्या देवाला मोठ्यानं सांगायचं आणि जमलेल्यांनी रुकार द्यायचा. आबा हात जोडून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, तुझो झील आज तुझी शीव सोडून जाता." "व्हय म्हाराजा." "जमिनीवरसून जाय ना, पाण्यातसून जाय ना, आभाळातसून जाता." "व्हय म्हाराजा." इथं आबा अडले. आभाळ आमच्या देवाच्या हद्दीत येतं की नाही याची त्यांना खात्री नसावी. मग म्हणाले, "वर तुझो कोण भाऊबंद आसात तर तेका सांग म्हाराजा, पोराक संभाळून ने नि संभाळून उतरव." "व्हय म्हाराजा," चाळ म्हणाली. दादा खाली मान घालून हसू दाबत होता. आईनं त्याच्या तळहातावर दही घातलं. त्यानं ते चाटलं, हात धोतराऐवजी नव्या पँटीला पुसला आणि म्हणाला, "येतंय."

ट्रंक मी खाली नेली. शेठचा माणूस टॅक्सी घेऊन आला होता. टॅक्सीत दुसऱ्या कुणाला जागा नव्हती. दादानं काच खाली केली. "आयेक सांग, पोचल्यावर तार करतंय," म्हणाला. मग माझ्या केसांतला कापूस काढून माझ्याच खिशात टाकला. टॅक्सी गेली. मी बराच वेळ तिथं उभा होतो. एक ट्राम गेली, दुसरी गेली, कुणी विचारलं नाही काय झालं म्हणून.

त्याच संध्याकाळी रस्त्यावर दगड सुरू झाले. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. रोज सभा, रोज मोर्चा, मुंबईसह झालाच पाहिजे. आम्हीही जायचो, ओरडायचो. दादा तर पुढं असायचा. पण त्या संध्याकाळी जे सुरू झालं ते वेगळं होतं. नाक्यावर टायर जळत होते. ट्राम बंद झाल्या, गिरण्या बंद झाल्या, दुसऱ्या दिवशी कर्फ्यू लागला. भोंगा झाला नाही. भोंग्याशिवायची सकाळ मी त्याआधी पाहिली नव्हती. कावळे ऐकू येत होते, लांब कुठं तरी माणसं ओरडत होती, मध्येच फटाक्यासारखा आवाज. आई चुलीपाशी बसली होती. केरसुणी कोपऱ्यात उलटी.

तावडेमामा आले. "वहिनी, तो काल संध्याकाळीच पोचला. काढा केर."

"तार खंय?"

"कर्फ्यूत तारवाला येईल कसा?"

"मगे तुमका कोणी सांगला?"

आबा घरात बसून बसून वैतागले होते. ते म्हणाले, "काड गो. घर आसा काय गोठो आसा?" आई म्हणाली, "पोचांदे." म्हणजे आधी पोचू दे त्याला. झालं. त्या दिवसांत ती दुसरं फारसं बोललीच नाही. काहीही विचारा, पोचांदे.

चार भिंतींत माणसं कोंडलेली, आणि फरशी झाडायची नाही. माझ्या कपड्यांतला कापूस आधीच घरभर होता. तो वाऱ्यानं गोळा व्हायचा, कोपऱ्यात त्याचे पुंजके जमायचे, त्यात भाताची शितं, सुकटीची डोकी, नारळाच्या शेंड्या. चालताना पायाला चिकटायचं. बाजार बंद, म्हणून सकाळी पेज आणि रात्री कुळथाची पिठी. पिठी ओरपताना आबांनी पानाकडे बघत विचारलं, "ह्येच्यात पण केर आसा काय?" आई हसली नाही. चौघांची सवय असल्यानं ती पानं चार मांडायची. मग एक उचलायची.

जिन्यावरून जाणाऱ्या बाया आत बघून नाक मुरडायच्या. एकीनं दारात थांबून म्हटलंच, "काय वहिनी, झील साहेब झाला म्हणून केर काढायला आता गडी ठेवणार वाटतं." थोड्या वेळानं सुशी आली. दारात उभी राहून म्हणाली, "काकी, केर झाडायचा नाही ना? मग हातानं वेचलेला चालतो का?"

आई विचारात पडली. मी तिला एवढा विचार करताना फार वेळा पाहिलं नाही. शेवटी म्हणाली, "वेचलेलो चलात."

सुशी फरशीवर बसली आणि एकेक पुंजका, एकेक शीत उचलून परकराच्या ओच्यात टाकायला लागली. मी बघत होतो. "बघतोस काय?" ती म्हणाली. "ये, बस. आधी डोकं गॅलरीत झटकून ये, निम्मा केर तिथंच आहे." मग मीही बसलो. ती त्या भिंतीकडून, मी या भिंतीकडून. रोज दुपारी. तिचे हात फार भरभर चालायचे. मी तिच्याशी लग्न करीन असं तेव्हा मनात आलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला तेव्हा दादाशिवाय काही सुचत नव्हतं. रात्री गोधडी टाकली की अर्धी रिकामी राहायची आणि मी माझ्या अर्ध्याच भागात अंग चोरून झोपायचो.

एका दुपारी समोरच्या चाळीतला विठू गेला. नाक्यावर गोळीबार झाला तेव्हा तो दूध मिळतं का बघायला उतरला होता. पोलिसांनी मोजक्या माणसांना तिरडीबरोबर जायला दिलं. आम्ही सगळे गॅलरीत उभे होतो. खाली घोषणा नाही, काही नाही, फक्त विठूच्या आईचा आवाज. तिरडी कोपऱ्यावरून वळली, आणि त्यानंतर समोरच्या खोलीतून आवाज आला. सर्र, सर्र. केरसुणीचा. मयत बाहेर पडलं की मागून घर झाडतात, पाणी मारतात, ही रीत सगळ्यांची. मी ते आधीही पाहिलं होतं, पण ऐकलं नव्हतं. आई तडक आत गेली, आमची केरसुणी उचलली आणि माळ्यावर, ट्रंका असायच्या त्यांच्याही मागं टाकली.

"ऐकलंस मा?" मला म्हणाली. "असो काडतत केर. मेल्याच्या मागून. आता तरी कळला?"

मला कळलं. आणि त्या दिवसापासून मला पण वाटायला लागलं की तार येत नाही ती कर्फ्यूमुळं नाही.

कर्फ्यू सैल झाला तेव्हा तारवाला सायकल हातात धरून आला. तार म्हटलं की त्या काळी वाईटच. आख्खी चाळ गॅलरीत. आबांनी सहीऐवजी अंगठा दिला, त्यांना सही येत होती तरी. मामांनी तार उघडली. ओठ हलवून मनात वाचली. मग मोठ्यानं म्हणाले, "सुखरूप पोचलो." आणि वरची तारीख बघून आईकडं वळले, "सांगत होतो ना वहिनी? गेला त्याच संध्याकाळी पोचला. त्याच संध्याकाळची तार आहे."

चाळीनं गलका केला. कुणी साखर आणली. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण त्याबरोबर एक विचित्र गोष्ट मनात आली. आम्ही इथं देवाला विनवत होतो, पिठी गिळवत नव्हती, तेव्हा तो तिकडं जेवून झोपला होता. विठू गेला तेव्हा तो कदाचित यंत्राखाली पाठीवर पडून शीळ घालत असेल. आम्हाला त्याचं कळत नव्हतं आणि त्याला आमचं. इतकी वर्षं एका गोधडीवर झोपलेली माणसं आम्ही. ते अंतर मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, नकाशावर सुतानं मोजलं तेव्हा नव्हतं दिसलं.

आबा माळ्यावर चढले, केरसुणी काढली आणि आईपुढं धरली. "हां, घे. काड आता." सगळे बघत होते. आईनं ती हातात घेतली आणि मांडीवर ठेवून खाली बसली. उठेना. आबा म्हणाले, "आता काय? पोचलो ना तो?"

"पोचलो," आई म्हणाली.

"मगे?"

बाया एकेक करून निघून गेल्या. मामाही गेले. मग ती आबांना नाही, मलाही नाही, केरसुणीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "वाटेर होतो तवसर माझो होतो. मी केर काडलंय की तो थयलो झालो."

आबा बाहेर जाऊन विडी ओढत बसले. तिनं केर काढला नाही. बारा मालवणं भरली त्या पहाटे, भोंगा पुन्हा सुरू झाला होता, मी सर्र सर्र आवाजानं जागा झालो. आई झाडत होती. मी डोळे मिटून पडून राहिलो. गोधडीच्या मधोमध सरकलो.

दादा तिकडंच राहिला. आला तो एकदा, सुटाबुटात, पाहुण्यासारखा खुर्चीवर बसला, पेज बघून म्हणाला, अजून हेच खाता? तेव्हा आई नव्हती. सुशी माझी बायको होऊन बरीच वर्षं झाली होती. तो विमानतळाकडं निघाला आणि मी वळून बघतो तर सुशीनं केरसुणी उलटी करून ठेवलेली. कुणी सांगितलं नव्हतं. दादाचा फोन येईपर्यंत तिनं घर हातानं वेचलं. दादा गेला तोही तिकडंच. पुढं आमची मुलगी कॅनडाला गेली, तेव्हाही तसंच. चोवीस-चोवीस तासांचा प्रवास आणि ही बाई गुडघे दुखत असताना फरशीवर. मी म्हणायचो, "मोबाइलवर दिसतंय विमान कुठं आहे ते." ती म्हणायची, "दिसूदे की. पोचली का?" मी ओरडायचो, मूर्खपणा आहे म्हणायचो. आणि मग बसायचो तिच्यासमोर, वेचायला.

सुशी गेल्या वर्षी गेली. चाळ पाडून टॉवर झालाय, आता आम्ही सोळाव्या मजल्यावर. लिफ्टमधून तिरडी नेता येत नाही, तिला स्ट्रेचरवर उतरवली. दारातून निघताना मी थांबलो आणि म्हटलं, "मागून केर काढू नका." बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "असं कसं हो, काढावाच लागतो." मी सुनेकडं बघितलं. ती पुण्याकडची, सासूला वेचताना बघितलेलं, पण त्यामागचं तिला कुठून माहीत असणार. तिनं नुसती मान हलवली.

स्मशानातून परत आलो तर घर तसंच होतं. फरशीवर झेंडूच्या पाकळ्या, तांदूळ, तुळशीची पानं, उदबत्तीची राख. बाया निघून गेल्या होत्या. अंघोळ करून मी खाली बसलो. बसायला वेळ लागला. एकेक पाकळी उचलून ताटलीत टाकायला लागलो. पलंगाच्या पायाशी तिची एक केसांची पिन सापडली, ती खिशात ठेवली.

सून आतून केरसुणी घेऊन आली. दारातच थांबली. "बाबा, आता काढू का मी केर?"

कितीतरी वर्षांत मी मालवणी बोललो नव्हतो. घरात आता कुणाला येत नाही. "पोचांदे," मी म्हटलं.

तिला शब्द कळला की नाही, कुणास ठाऊक. तिनं केरसुणी कोपऱ्यात ठेवली, उलटी नाही, नुसतीच ठेवली. मग पदर खोचून ती समोरच्या भिंतीशी बसली आणि तिकडून वेचायला लागली.